हलगे सरांची शून्य परिकल्पना

हलगे सरांसमोर कोणी 'नक्की' असं म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे. चहाचा कप असेल तर टेबलावर ठेवायचे, खडू असेल तर फळ्याच्या कडेला ठेवायचे, आणि मान जराशी वाकडी करून विचारायचे, "नक्की? कशावरून?"

त्या विचारण्यात भांडण नसायचं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. पण आपण ज्याला नक्की म्हणतो ते बहुतेक वेळा कशावरूनच नसतं, त्यामुळे समोरचा माणूस चिडायचा. एकदा बैठकीत प्राचार्य म्हणाले, गणवेश सुरू केल्यापासून मुलांची हजेरी वाढलीय. सरांनी कप खाली ठेवला. "वाढल्याली दिसतीय खरी. पण गणवेशानं वाढली, का कापूस वेचणी संपली म्हणून वाढली?" प्राचार्यांनी विषय बदलला. पुढच्या बैठकीपासून सरांची खुर्ची पार दाराजवळ लागायला लागली. सरांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. दारातून वारा चांगला येतो, म्हणाले.

पाटोद्याच्या त्या महाविद्यालयात ते मानसशास्त्र शिकवत आणि मी भूगोल. मी रुजू झालो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच अंगलट, खांद्यात थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. कानाला एक यंत्र होतं, पण ते कानापेक्षा खिशातच जास्त असायचं. माणसांना नावाऐवजी विषयानं हाक मारायची त्यांची खोड होती. "ए भूगोल, चल, चहा घेऊ." "आज इतिहास आला न्हाई व्हय?" मी भूगोल झालो तो कायमचा. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

मूळचे ते युसूफ वडगावचे. वडिलांचं तिथं किराणा-भुसाराचं दुकान होतं आणि थोरल्यानं गल्ल्यावर बसायचं हे ठरलेलं होतं. थोरला शिकायला म्हणून बाहेर पडला तो गल्ल्याकडे परतलाच नाही. पण दुकान त्यांच्या शिकवण्यात शेवटपर्यंत राहिलं.

मानसशास्त्र घेणाऱ्या मुलांना वाटतं, आता आपल्याला माणसाच्या मनातलं ओळखता येणार. आणि मग संशोधनपद्धतीच्या पेपरात सांख्यिकी येते आणि निम्मा वर्ग गारठतो. सर त्या दिवशी पुस्तक उघडायचेच नाहीत. मी शेजारच्या वर्गात नकाशे लावत असताना त्यांचा आवाज भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू यायचा. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं बोलत.

"आमचे आप्पा पोत्यात लोखंडाची टोकदार नळी खुपसायचे. मूठभर ज्वारी हातावर घ्यायचे अन् सगळ्या पोत्याचा भाव सांगायचे. पोतं ओतून कोण बघत बसतंय? मूठ बघायची अन् पोत्याबद्दल बोलायचं, आपलं समदं शास्त्र एवढंच हाय. आता दोन पोती हायेत. दोन्हीतून एकेक मूठ काढली. एका मुठीतला दाणा जरा टपोरा दिसतोय. मग पोतंच टपोरं हाय, का नुसती मूठ तशी आली? ते इचारायचं असंल तर टी कसोटी लावायची."

दुसऱ्या, काय-स्क्वेअर कसोटीचं मराठी नाव 'काय-वर्ग'. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "सर, काय वर्ग?"

"हां, काय वर्ग."

"आवो पण काय वर्ग?"

दरवर्षी वर्ग हसायचा, आणि सरही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

मग यायची शून्य परिकल्पना. इथं मात्र त्यांचा आवाज बदलायचा, सावकाश व्हायचा. "आधी असं धरून चालायचं, की फरक न्हाईच. जे दिसतंय ते योगायोगानं दिसतंय. पुरावा लई जड झाला, तरच हे धरल्यालं सोडायचं. न्हाई झाला जड, तर सोडायचं न्हाई. आता खाली रेघ मारून लिहा. सोडलं न्हाई म्हणजे ते सिद्ध झालं, असं न्हाई. फरक सापडला न्हाई, एवढंच म्हणायचं. फरक नव्हताच, असं म्हणायचा आपल्याला हक्क न्हाई."

मुलं रेघ मारून लिहायची आणि परीक्षेत हटकून उलटं लिहून यायची. बाकी सगळ्या चुका सर सोडून देत. ह्या चुकीपुढे मात्र ते लाल पेनानं पुन्हा अख्खं वाक्य लिहून ठेवत, जी उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात कधीच पडणार नव्हती तिच्यावरसुद्धा.

जिल्ह्यातले पीएच.डी. करणारे प्राध्यापक आपली आकडेवारी घेऊन त्यांच्याकडे येत. एक जण नवी कोरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "सर, तेवढा फरक काढून द्या."

"फरक काढून मिळत न्हाई," सर म्हणाले. "असला तर दिसंल. ठेवून जा."

तो ठेवून गेला नाही. गाडी घेऊन आणखी कुणाकडे तरी गेला आणि पुढे डॉक्टरही झाला.

सर राहायचे बाजारपेठेत, एका कापड दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा, महेश, पुण्याला एका कंपनीत. जेवण खानावळीत. महाविद्यालय सुटलं की ते आवारातच रेंगाळत. आमचे शिपाई दत्तूमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत व्हरांड्यातून एक फेरी मारत, तरी सर वाचतच बसलेले. मामा मग बाकीच्या सगळ्या खोल्या लावून शेवटी त्यांच्या दाराशी येऊन उभे राहत. "चला सर, घरी."

"हां, घरी," असं म्हणून ते उठत, चष्मा पुसत, आणि मामांच्या सायकलीबरोबर चौकापर्यंत चालत जात.

रविवारी सकाळी महेशचा फोन यायचा. त्यामुळे रविवारी सरांना कुठं बोलावून उपयोग नसे. फोन येऊन गेल्याशिवाय ते खोलीबाहेर पडत नसत. मोबाइल खिशात घेऊन बाहेर पडता येतं, हे मी त्यांना एकदा सुचवलं. ते म्हणाले, "बाजारात लई आवाज असतो रे. त्यो काय बोलला ते कळायला नगं?" कधी फोन दुपारी यायचा. कधी यायचाच नाही, आणि सोमवारी सर चहाला थांबत नसत.

दत्तूमामांच्या मुलीची गोष्ट सांगायला हवी. सुनीता तिचं नाव. लग्न होऊन ती युसूफ वडगावला नांदायला गेली आणि वर्षाच्या आत तिचा दीर मोटारसायकलवरून पडून गेला. त्याआधी त्यांचा एक बैल मेला होता. दोन्ही गोष्टी तिच्या पायगुणावर आल्या. पांढऱ्या पायाची म्हणून सासरच्यांनी तिला पाटोद्याला आणून सोडलं. मामा कुणाला काही बोलले नाहीत. किल्ल्यांचा आवाज तेवढा बंद झाला. जुडगा हातात घट्ट धरून फिरायचे. सरांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खोदून विचारलं.

त्या रविवारी सरांनी महेशच्या फोनची वाट पाहिली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही युसूफ वडगावला गेलो. मला का नेलं, ठाऊक नाही. एकट्यानं जायला संकोच वाटला असावा.

सुनीताचे सासरे निवृत्तीतात्या ओसरीवर बसले होते. बाजूला बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. "आप्पांचा थोरला व्हय? या, या," म्हणून त्यांनी पाणी दिलं. सरांनी कुशल विचारलं, गेलेल्या पोराबद्दल दोन शब्द बोलले आणि मग शेंगांचं सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

"तात्या, ह्या गल्लीत यंदा नवी सून कुणाकुणाकडं आली?"

तात्यांना कळेना, पण बायका भराभरा सांगायला लागल्या. सर एकेका घरासाठी एकेक शेंग बाजूला ठेवत गेले. सून आली आणि घरात काही वाईट घडलं, तो एक ढीग. सून आली आणि सगळं ठीक राहिलं, तो दुसरा. सून आली नाही तरी वाईट घडलं, तो तिसरा. सून आली नाही आणि काही घडलंही नाही, तो चौथा. वाईट कशाला म्हणायचं यावर बायकांचं भांडण जुंपलं. कुणाची म्हैस आटली ते धरायचं की नाही? कुणाच्या सासूचा पाय मोडला, पण ती तर देवाला गेली होती तेव्हा मोडला! शेजारपाजारचे जमले. बघता बघता ओसरीवर शेंगांचे चार ढीग उभे राहिले.

सर गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा तात्या. सून आली त्या घरांत जेवढं वंगाळ झालं, तेवढंच न आल्याल्या घरांतबी झालंय. सुनेचा अन् ह्याचा काय संबंध दिसत न्हाई."

तात्या बराच वेळ त्या ढिगांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमी शिकल्याली माणसं. तुमचं खरंच असंल. पण मग माझा पोरगा का म्हणून गेला?"

सरांचा 'योगायोग' हा शब्द दिवसातून दहादा तोंडात असायचा. विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच योगायोग सर पाडलेलं होतं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला.  ते तात्यांच्या शेजारी सरकले आणि त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. ऊन ओसरीवर चढेपर्यंत दोघं तसेच बसून होते. बायकांनी हळूच शेंगा गोळा करून पुन्हा सुपात घातल्या.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "मी त्यांला चार ढीग दाखवत बसलो, भूगोल. त्यांला एकच दिसत व्हता."

महिन्याभरात सुनीताची सासू स्वतः येऊन तिला घेऊन गेली. दत्तूमामा सरांच्या पाया पडायला वाकले, तर सर दोन पावलं मागं सरले. "माझ्यामुळं नेली, कशावरून? मुलाला करमत नसंल. सासूला काम उरकत नसंल." मामा हसत होते आणि रडत होते. किल्ल्या पुन्हा वाजायला लागल्या.

पीएच.डी. त्यांनी उशिरा धरली, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना. विषय आमच्याच भागातला होता. दिवाळीच्या सुमारास इथली हजारो माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. काही जण मुलांना बरोबर नेतात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवतात. सरांना पाहायचं होतं, आईबापांबरोबर फडावर राहणारं लेकरू जास्त एकटं पडतं की वसतिगृहात राहणारं? प्रश्नावली तयार केली होती. दोन्हीकडच्या मुलांकडून ती भरून घ्यायची, गुण काढायचे, आणि दोन गटांच्या सरासरीत खरोखर फरक आहे का, हे टी कसोटीनं तपासायचं. आई-बापाजवळची मुलं कमी एकटी असतात, अशी त्यांची परिकल्पना होती. सरांनी तिच्याबद्दल कधीही 'नक्की' म्हटलं नाही. पण ती सांगताना त्यांची मान वाकडी होत नसे, सरळ राहायची, हे माझ्या लक्षात आलं होतं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. "चल भूगोल, रस्ते तुला ठाऊक असतील," असं म्हणून त्यांनी मला नेलं आणि तीनदा रस्ता चुकलो तेव्हा माझ्या विषयावर सबंध प्रवासभर हसत राहिले. साखर कारखान्यामागच्या माळावर पाचटानं शाकारलेल्या कोप्या होत्या. एका कोपीपुढे नऊ-दहा वर्षांची रूपाली नावाची मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी होती. आईबाप फडात होते. सर जमिनीवर मांडी घालून बसले आणि एकेक वाक्य वाचून दाखवू लागले. मुलांनी फक्त सांगायचं होतं, नेहमी, कधी कधी, की कधीच नाही.

"'माझ्याशी बोलायला कोणी नाही, असं मला वाटतं.'"

रूपालीनं विचार केला. "सर, बैलासंग बोलल्यालं चालतं का?"

सरांचा पेन थांबला. ते तिच्याकडे, मग गव्हाणीशी बांधलेल्या बैलाकडे बघत राहिले.

"काय बोलतीस त्याच्यासंग?"

"समदंच. त्यो ऐकतो. आईसारखा मधीच झोपत न्हाई."

"मग चालतं," सर म्हणाले. तिनं 'कधीच नाही' सांगितलं आणि सरांनी तशी खूण केली. पण परत येताना गाडीत ते मधेच म्हणाले, "बरोबर खूण केली का रे मी?"  थोड्या वेळानं मी त्यांना चिडवायला म्हटलं, "सर, ही प्रश्नावली तुम्ही स्वतः भरून बघितली का?"

"ती मोठ्या माणसांसाठी प्रमाणित न्हाई," त्यांनी लगेच सांगितलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सगळी माहिती गोळा झाली, तेव्हा उन्हाळा लागला होता. संगणक एका क्षणात उत्तर देतो, तरी सर हातानंच करणार. परीक्षा संपून मुलं गेलेली, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. पंखा गरम हवा फिरवत होता. सर बेरजा करत, खोडत, पुन्हा करत. शेवटी त्यांनी पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडला, बोट ओळीवरून सरकवलं आणि थांबवलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"काय नाही?"

"तक्त्याएवढं न्हाई भरत. फरक सापडत न्हाई."

त्यांनी ते पुन्हा केलं. मग संगणकावर करून घेतलं. तेच आलं. दोन्हीकडची मुलं सारखीच एकटी होती, किंवा सारखीच नव्हती. त्या मुठींवरून पोत्यांत फरक आहे असं म्हणता येत नव्हतं. सरांनी कागद नीट रचून ठेवले, यंत्र कानातून काढलं, आणि मला न विचारता सांगायला लागले. त्यांची बायको गेली तेव्हा महेश पाचवीत होता. घरात बाई नाही, पोराकडं कोण बघणार, असं सगळे म्हणाले. सरांनी त्याला लातूरला वसतिगृहात ठेवलं. पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा रात्री त्यांच्याजवळ झोपायला लाजत होता.

"म्यां ठेवायला नगं व्हतं, असं मला लई वर्षं वाटतंय," ते म्हणाले. "वाटतंय, एवढंच. म्हणून बघायचं ठरवलं."

यंत्र त्यांच्या हातात होतं, त्यामुळे मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. 

विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक नाराज झाले. फरक नाही असा निष्कर्ष घेऊन कोण प्रबंध सादर करतं? त्यांनी सुचवलं, टोकाची उत्तरं दिलेल्या काही मुलांच्या प्रश्नावल्या वगळा, आकडा आपोआप वर येईल. सर आठवडाभर तो गठ्ठा घरी-महाविद्यालयात वागवत होते. एका दुपारी मला म्हणाले, "सांग, कुणाला काढू? बैलवालीला काढू?" मग गठ्ठा बांधून ठेवला आणि जे आलं होतं तेच लिहिलं. मार्गदर्शकांनी बरंच तंगवलं, पण शेवटी सही केली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी माझंही विद्यापीठात काम होतं. सरांची परीक्षा पाव तासात आटोपली. परीक्षकांपैकी एक जण बाहेर पडताना म्हणाला, "काम प्रामाणिक आहे, पण यातून हाती काय लागलं?" सर म्हणाले, "तेच बघतोय." बसस्थानकाजवळ त्यांनी पेढे घेतले आणि गाडीत बसल्यावर पहिला पेढा कंडक्टरला दिला, कारण ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं.

बीड मागं टाकून गाडी मांजरसुंब्याच्या घाटाकडे लागली तेव्हा फोन वाजला. महेश होता. सर फोनचा आवाज मोठा करून तो तोंडासमोर धरत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"झालं का पप्पा? डॉक्टर झालात?"

"झालं बाबा झालं."

"विषय काय होता तुमचा? मागं सांगितला होता, राहूनच गेलं."

सरांनी त्याला सांगितलं. आईबापाजवळ राहिलेली मुलं आणि वसतिगृहात ठेवलेली मुलं. कोण जास्त एकटं पडतं.

 मग महेशनं विचारलं, "काय निघालं?"

"फरक सापडला न्हाई."

 आणि मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मग बरंच झालं की, पप्पा." थोडं थांबून त्यानं जोडलं, "म्हणजे, तुम्ही आता मनातून काढून टाका."

मला वाटलं, आता हे फक्त 'हो' म्हणतील. त्या सुटकेसाठी इतकी वर्षं लागली होती आणि ती मुलानं आपण होऊन पुढं केली होती. सरांनी फोन आणखी तोंडाजवळ धरला.

"तसं न्हाई रे महेश," ते म्हणाले. "सापडला न्हाई म्हणजे नव्हताच, असं म्हणता येत न्हाई. आपली मूठ लहान पडली असंल. मोजायची पट्टी चुकली असंल. फरक असंलबी..."

गाडी घाटात वळली आणि आवाज तुटला. महेशनं किती ऐकलं, कळलं नाही. सरांनी दोनदा परत लावून पाहिला, लागला नाही. मग त्यांनी फोन पेढ्यांच्या पुड्यावर ठेवला. घाट चढून, मांजरसुंबा मागं टाकून, पाटोदा येईपर्यंत तो तिथंच होता. उतरताना पुडा माझ्या हातात दिला. "घरी ने. वहिनींना दे."

त्यानंतर महाविद्यालयाच्या फलकावर त्यांच्या नावामागं 'डॉ.' लागलं. रविवारचे फोन त्यानंतर वाढले की कमी झाले, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य म्हणाले, सरांना आता मुलाकडं आराम मिळणार. सर हसले. पुण्याला ते गेले नाहीत. युसूफ वडगावला पुतण्या दुकान चालवत होता, तिथं वरच्या खोलीत राहायला गेले. मी दोनदा भेटून आलो. पहिल्या वेळी खूप बोलले. दुसऱ्या वेळी यंत्र बिघडलेलं होतं आणि ते दुरुस्त करून आणायची त्यांना घाई नव्हती. मी ओरडून ओरडून बोललो, ते माझ्या ओठांकडे बघत हसत राहिले आणि निघताना म्हणाले, "येत जा भूगोल. ऐकू येत न्हाई, पर कोण आलंय ते कळतंय."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मातीला मी होतो. दत्तूमामा सुनीताच्या धाकट्या लेकराला कडेवर घेऊन आले होते. महेशला मी लांबून पाहिलं, बोललो नाही. पण मी त्याला त्याआधी एकदा पाहिलं होतं, आणि सरांनाही जिवंतपणी मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी.

सर जायच्या आधीचा तो हिवाळा होता. बीडला जाताना आमची गाडी मांजरसुंब्याला चहापाण्यासाठी थांबली होती. ढाब्याच्या बाहेरच्या टेबलावर मला सर दिसले. समोर चाळिशीकडे झुकलेला, केस विरळ झालेला एक माणूस होता. नाकाची ठेवण सरांचीच. शेजारी पुण्याच्या नंबरची गाडी उभी होती. मुलगा वडिलांना कुठं घेऊन चालला होता, की नुसता भेटून परत चालला होता, ते मला कळायला मार्ग नव्हता.

 सरांचं जेवण झालं होतं. महेश भाकरी मोडत होता आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर काही बघत होता. मी पुढं जावं म्हणून दोन पावलं टाकली, तेवढ्यात सरांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी ओळखलं, हात थोडासा वर केला. पण हाक मारली नाही, ये असंही खुणावलं नाही. मी जागेवरच थांबलो.

महेशनं मोबाइल खाली ठेवला आणि भाजीकडे हात लांबवला. त्याच्या कोपराशी पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता. त्याचं लक्ष नव्हतं. सरांनी टेबलावरून हात पुढं नेला आणि लहान मुलाच्या जवळून सरकवावा तसा तो पेला हळूच त्याच्या कोपरापासून लांब सरकवून ठेवला. महेशनं वर पाहिलं. सर त्याच्याकडेच बघत होते.

कंडक्टरनं घंटी मारली. मी गाडीत चढलो.